आळशी डोळा, तिरळेपणा आणि व्हिजन थेरपी : अनुभव आणि माहिती हवी आहे

मैत्रेयी_क

मुलगी साडेसहा वर्षांची आहे. शाळेतल्या डोळे तपासणीत कळलं की तिला उजव्या डोळ्याने फारच कमी दिसतं. एरवी दोन्ही डोळे उघडे असताना ती व्यवस्थित वाचते, धावते, चित्रं काढते, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं. डावा डोळा झाकल्यावर मात्र तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळींपुढे तिला जाता येईना. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून नंबर काढला : उजवा +५, डावा +१.५. चष्म्यासह उजव्याची दृष्टी ६/३६ (नीट दिसणं म्हणजे ६/६). दमली की तो डोळा आतही वळतो.

त्यांनी सांगितलं की आधी पूर्ण वेळ चष्मा आणि मग गरजेप्रमाणे डाव्या डोळ्याला पट्टी. दुसरं मत घ्यावं म्हणून एका व्हिजन थेरपी केंद्रात गेलो. तिथे म्हणाले, पट्टी ही जुनी पद्धत झाली. पट्टीने एकटा डोळा शिकतो, दोन्ही डोळे एकत्र काम करायला शिकत नाहीत. पट्टीऐवजी आमचा व्यायामांचा कोर्स करा. समजावून छान सांगितलं, पटलंही. पण घरी आल्यावर प्रश्नच प्रश्न. हे व्यायाम खरंच उपयोगी पडतात का? पट्टीऐवजी, की पट्टीबरोबर? तुमच्या मुलांच्या बाबतीत काय झालं ते कृपया लिहा.

शब्दसखी

भाच्याच्या बाबतीत सध्या हेच चालू आहे. वाचतेय.

अन्वयची_आई

मैत्रेयी, आम्ही पट्टीच्या चक्रातून पूर्ण गेलोय. काही व्यावहारिक गोष्टी लिहिते.

पट्टी थेट त्वचेला चिकटणारी घ्या. चष्म्याच्या काचेवर कापडी खोळ घातली की नाकाच्या बाजूला बारीकशी फट राहते आणि मुलं मान वाकडी करून नेमकी तिथूनच चांगल्या डोळ्याने बघतात. आमच्याकडे अन्वय टीव्हीसमोर मान तिरकी करून बसायचा, ती त्या फटीतून बघण्यासाठी! चिकट पट्टी काढताना कडा ओल्या करून हळूहळू काढा, नाहीतर भुवईचे केस ओढले जातात आणि दुसऱ्या दिवशी पट्टी दिसताच रडारड.

सुरुवातीचे दिवस कठीण जातात. चांगला डोळा झाकला म्हणजे त्या लेकराला खरोखरच धूसर दिसत असतं, ते हट्ट करत नसतं. त्या वेळात जिने, सायकल काही नको, कोणीतरी जवळ बसा. पट्टीवर चित्र काढायचा हक्क त्याचा. काढलेल्या पट्ट्या आम्ही कपाटाच्या दारावर ओळीने चिकटवायचो आणि पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवायचा.

पट्टीच्या वेळात जवळचं काम भरपूर करून घ्या, तो मुख्य भाग. वर्तमानपत्र घेऊन आम्ही 'ठ', 'व' आणि 'ब' यांच्या पोटातली पोकळ जागा पेनाने भरायला सांगायचो. आधी तो फक्त मथळे भरू शकायचा, नंतर नंतर बातमीच्या बारीक अक्षरांतही पेन नेमकं टेकायला लागलं. तेव्हा मी पहिल्यांदा निश्चिंत झोपले.

दृष्टिक्षेप

मी ऑर्थोप्टिस्ट आहे, म्हणजे तिरळेपणा आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणारी, लहान मुलांचेच डोळे बघते. सविस्तर लिहिते, कारण या विषयात अर्धवट माहितीने पालकांची फार ओढाताण होते.

आळशी डोळा, म्हणजे अँब्लायोपिया, यात बहुधा डोळा निरोगी असतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला किंवा डोळा तिरका असला, तर मेंदूकडे एक स्पष्ट आणि एक अस्पष्ट, किंवा दोन न जुळणारी चित्रं जातात. वाढत्या वयात मेंदू त्यातलं एक बाजूला सारतो आणि त्या डोळ्याचं बघणं मेंदूत नीट घडतच नाही. म्हणून चष्मा लावल्या लावल्या ६/६ दिसत नाही. काच आज बसते, मेंदूला ते स्पष्ट चित्र वापरायला शिकायला काही महिने लागतात.

मैत्रेयीताई, तुमच्या मुलीला +५ नंबर आहे आणि डोळा आत वळतो, हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं असू शकतं. प्लस नंबर असलेलं मूल स्पष्ट बघण्यासाठी डोळ्यातल्या भिंगावर जोर देतं आणि तो जोर दिला की डोळे आपोआप आत येतात. पूर्ण नंबराचा चष्मा तो जोरच काढून घेतो. अशा मुलांचा डोळा चष्म्यात सरळ राहतो आणि चष्मा काढला की आत जातो. तिथे चष्मा हाच उपचार.

अमेरिकेत पीडियाट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुप या नावाने अनेक केंद्रांतले डॉक्टर एकत्र अभ्यास करतात. नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या, आधी उपचार न झालेल्या ३ ते ७ वर्षांखालच्या मुलांना त्यांनी नुसता चष्मा दिला. २००६ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार सुमारे चौथा हिस्सा मुलं निव्वळ चष्म्याने बरी झाली आणि तीन-चतुर्थांश मुलांची दृष्टी तक्त्यावर दोन ओळी किंवा त्याहून जास्त सुधारली. त्याआधी २००३ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की मध्यम दोषाला रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच गुणकारी ठरते आणि तीव्र दोषाला ६ तासांची पट्टी दिवसभराच्या पट्टीइतकी. २००२ च्या अभ्यासात चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर करणं आणि पट्टी, यांचा परिणाम सहा महिन्यांनी जवळपास सारखा निघाला. तेव्हा पट्टी जुनी आहे हे खरं, पण निकामी झालेली नाही. तिच्याइतकी तावून सुलाखून निघालेली दुसरी पद्धत आमच्याकडे फारशी नाही.

अन्वयच्या आई, एक दुरुस्ती सुचवते. जवळचं काम केल्यानेच पट्टी लागू पडते, असं आम्हीही पूर्वी सांगायचो. २००८ मध्ये याच गटाने पट्टीच्या वेळात काही मुलांना जवळची आणि काहींना दूरची कामं देऊन पाहिली. सुधारणा सारखीच झाली. मूल आनंदाने पट्टी ठेवेल असं काहीही करू द्या.

अन्वयची_आई

हे नव्हतं माहीत! म्हणजे मैदानात बसून पतंग बघितले असते तरी चाललं असतं तर. पण 'ठ' भरण्याने तो पट्टी विसरायचा, हा फायदा झालाच.

विवेक_वारा

व्हिजन थेरपी म्हणजे निव्वळ धंदा आहे, माझं स्पष्ट मत. शेजारच्या मुलाला वाचन जमत नव्हतं, तर डोळ्यांच्या व्यायामाने हुशारी वाढेल, लक्ष लागेल असं सांगून वर्षभर फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी निघालं डिस्लेक्सिया. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय की अध्ययन अक्षमतेवर डोळ्यांच्या व्यायामांचा उपयोग होतो याला पुरावा नाही. त्या मुलाचं जे वर्ष गेलं ते कोण परत देणार? मैत्रेयी, चष्मा आणि पट्टी, बास.

गंधाली

विवेक, तुमची चीड समजते, पण सगळं एका फटक्यात उडवून लावू नका. मला व्हिजन थेरपीने खरोखर फरक पडला आहे.

माझे दोन्ही डोळे ६/६. कॉलेजात असताना अर्धा तास वाचलं की ओळी एकमेकींवर चढायच्या, कपाळ ठणकायचं. चष्म्याच्या दुकानात, डॉक्टरांकडे, सगळीकडे 'नंबर नाही, डोळे उत्तम' हेच ऐकलं. शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्टने (नंबर आणि दृष्टी तपासणाऱ्या तज्ज्ञाने) पेनाचं टोक नाकाकडे आणत विचारलं, दोन कधी दिसतात? हातभर अंतरावरच माझे दोन पेन झाले होते. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळचं बघताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत.

मला ज्या व्यायामाने सगळ्यात जास्त कळलं तो म्हणजे ब्रॉक स्ट्रिंग. लांब पांढरी दोरी, त्यावर सरकणारे रंगीत मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला धरायचं. मधल्या मण्याकडे बघितलं की दोरी एक असूनही दोन दिसायला हव्यात आणि त्या दोन दोऱ्या नेमक्या त्या मण्यातून एकमेकींना छेदून फुली झाली पाहिजे. बाकीचे मणी जोडीने दिसतात. सुरुवातीला माझी फुली मण्याच्या पलीकडेच व्हायची. जवळच्या मण्यावर तर मध्येच एक दोरी गायब. सर म्हणाले, गायब झाली म्हणजे त्या क्षणी एक डोळा मेंदूने बंद केला. म्हणजे आपल्या डोक्यात काय चाललंय ते दोरीवर समोर दिसतं! हळूहळू फुली मण्यावर आली, मग मणी नाकाजवळ सरकवत नेला. आता मी सलग वाचते.

दृष्टिक्षेप

गंधाली, फार नेमकं वर्णन केलंत. आणि तुमच्या दोषाबाबत पुरावाही भक्कम आहे. २००८ मध्ये ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या चाचणीत, दर आठवड्याला तासभर तज्ज्ञासमोर आणि घरीही नियमित, असे १२ आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलांचा दोष गेला किंवा बराच कमी झाला. घरी नुसतं पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं आणि तुलनेसाठी लुटुपुटूचे, म्हणजे मुद्दाम निरुपयोगी, व्यायाम दिलेल्यांत ३५.

विवेक, तुमच्या मुद्द्यालाही याच संशोधनाचा आधार आहे. पुढची चाचणी २०१९ मध्ये आली. तिच्यात डोळे जुळवण्याची क्षमता सुधारली, पण वाचलेलं समजण्याची क्षमता लुटुपुटूच्या व्यायामांपेक्षा जास्त सुधारली नाही. थेरपी डोळ्यांची होते, अभ्यासाची नाही.

म्हणून 'व्हिजन थेरपी चांगली की वाईट' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या दोषासाठी, हे आधी ठरायला हवं. कन्व्हर्जन्ससाठी हो. आळशी डोळ्यासाठी आधी चष्मा, मग पट्टी किंवा थेंब, व्यायाम त्यांच्या जोडीला. मोठ्या कोनाचा, कायम तिरका राहणारा डोळा व्यायामाने सरळ होत नाही.

पारिजात८१

चाळिशी ओलांडलेल्यांचं काय? माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्या काळी कोणी लक्षच दिलं नाही. माठातून भांड्यात पाणी ओतताना मी भांड्याची कड माठाला टेकवून ओततो, कारण हवेत अंदाज येत नाही. सुईत दोरा ओवणं, अंगावर आलेला चेंडू झेलणं, अनोळखी जिन्याची शेवटची पायरी... सगळीकडे जरा थांबावं लागतं. थ्रीडी सिनेमा मला साधाच दिसतो. सगळे 'आता वय गेलं' म्हणतात. इंटरनेटवर मात्र अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खोली, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहेत ते, दिसायला लागलेल्या बाईंबद्दल वाचलं आणि आशा वाटली.

नेत्रवैद्य

पारिजात, त्या सुझन बॅरी. स्वतः मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापिका. तान्हेपणापासून तिरळेपणा, लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या, आणि ४८ व्या वर्षी व्हिजन थेरपीनंतर त्यांना गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेलं दिसलं. घटना खरी आहे आणि आमच्या क्षेत्राला विचार करायला लावणारी आहे. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी दृष्टी चष्म्याने चांगली होती. त्या आलटून पालटून डोळे वापरत. तुमचा एक डोळा मुळात कमी बघतो, त्यामुळे त्यांच्यावरून तुमचा अंदाज बांधता येणार नाही.

वयाबद्दल : २००५ च्या अभ्यासात ७ ते १२ वयाच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिल्यावर ५३ टक्के मुलांना फायदा झाला, नुसत्या चष्म्याने २५ टक्के. १३ ते १७ मध्ये एकूण फरक पडला नाही, मात्र ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते त्यांच्यात ४७ विरुद्ध २० टक्के. म्हणजे दार सातव्या वर्षी धाडकन बंद होत नाही, हळूहळू लोटलं जातं. प्रौढांत प्रयत्न करायला हरकत नाही, पण डॉक्टरांच्या नजरेखालीच. तिरळेपणा असलेल्या प्रौढाचा मेंदू एक चित्र दाबून ठेवतो म्हणून त्याला दोन दिसत नाहीत. व्यायामाने ते दाबणं सुटलं आणि चित्रं मात्र जुळली नाहीत, तर कायम दोन-दोन दिसत राहू शकतं. त्यावर उपाय करणं फार कठीण. मोबाइलवरचं अ‍ॅप घेऊन घरच्या घरी हे करू नका. आणि चांगल्या डोळ्याला जपा : काम करताना संरक्षक चष्मा, पॉलिकार्बोनेटच्या काचा.

सगळ्या पालकांसाठी आणखी एक, आणि हे कळकळीने लिहितोय. बाळाच्या डोळ्यात फोटोत पांढरी चमक दिसली किंवा डोळा नव्याने तिरका झाला, तर व्यायाम वगैरे नंतर, आधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग कधीकधी तिरळेपणातूनच पहिल्यांदा दिसतो. प्रौढात अचानक दोन दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शब्दसखी

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद घरच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

कुतूहल

किंचित अवांतर. मेंदू डोळा बाजूला सारतो हे कळलं ते मांजराच्या पिल्लांमुळे. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट, पण मेंदूच्या दृष्टिभागातल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दादच देईनात. मोठ्या मांजरांत तेच केलं तर असं काही झालं नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. पिल्लांचं वाईट वाटतं, पण जन्मजात मोतीबिंदू झालेल्या बाळाची शस्त्रक्रिया आठवड्यांच्या आत करायची घाई आता का करतात, ते यातून समजतं.

गंधाली

मुलांना चिडवतात त्याचं तुम्ही लोकांनी काय केलं? भाची पट्टी लावून शाळेत जायला तयारच होत नाही.

अन्वयची_आई

आम्ही शाळेतला वेळच टाळला. दोन तास संध्याकाळी घरी पुरतात हे डॉक्टरांनी सांगितल्यावर निम्मं भांडण मिटलं. पण चष्मा तर शाळेत लागतोच आणि 'चकण्या' ही हाक त्याने ऐकलीच. बाईंशी बोलले. त्यांनी वर्गात सगळ्यांना पाळीपाळीने एक डोळा झाकून चेंडू झेलायला लावला. कोणालाच धड जमेना. अन्वय सगळ्यांना सांगत होता, 'चेंडू मोठा दिसायला लागला की हात मिटा!' त्यानंतर ती हाक कमी झाली. पूर्ण थांबली नाही, पण तो रडत घरी यायचा थांबला.

तंत्रस्नेही

आता व्हीआर चष्म्यातून कार्टून दाखवून उपचार करतात म्हणे. कोणाला अनुभव?

दृष्टिक्षेप

ल्युमिनोपिया नावाच्या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये ४ ते ७ वयाच्या मुलांसाठी मान्यता दिली. त्यात चांगल्या डोळ्याला चित्र फिकं दाखवतात आणि चित्राचे काही भाग एका डोळ्यापुढे झाकतात, काही दुसऱ्या, म्हणजे दोन्ही डोळे वापरल्याशिवाय पूर्ण चित्र मिळत नाही. रोज तासभर, आठवड्यात सहा दिवस, १२ आठवडे. सरासरी १.८ ओळी सुधारणा झाली, नुसत्या चष्म्याने ०.८. पण ही तुलना चष्म्याशी होती, पट्टीशी नव्हती.

त्याआधी वरून ठोकळे पडण्याचा खेळ दोन डोळ्यांत विभागून देऊन पाहिला होता. २०१६ च्या अभ्यासात तो रोज दोन तासांच्या पट्टीच्या बरोबरीला आला नाही. मुलं कंटाळली हे त्यामागचं एक कारण असावं. सांगितलेल्या वेळाच्या ७५ टक्क्यांहून जास्त खेळणारी मुलं जेमतेम २२ टक्के निघाली. दोन्ही डोळ्यांना एकत्र शिकवायची कल्पना मला मनापासून आवडते आणि ती पुढे जाईल असं वाटतं. पण 'पट्टी सोडा' म्हणण्याइतकी ती आज पुढे गेलेली नाही.

तंत्रस्नेही

आणि ही थेरपी देणाऱ्यांचं प्रशिक्षण? बहीण ऑप्टोमेट्री शिकलेली आहे, तिला दोन दिवसांच्या कार्यशाळेची जाहिरात आली आहे. त्यानंतर म्हणे तिला थेरपी देता येईल.

दृष्टिक्षेप

दोन दिवसांत दोरी आणि मणी कसे धरायचे ते शिकता येतं. ते कोणाला द्यायचे नाहीत, हे शिकायला वर्षं लागतात.

या विद्येला मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एमिल जावाल यांनी तिरळेपणासाठी डोळ्यांचे व्यायाम पद्धतशीरपणे बसवले. त्यांच्या वडिलांना आणि बहिणीला तिरळेपणा होता. पुढे ब्रिटनमध्ये मेरी मॅडॉक्स वडिलांच्या हाताखाली शिकून पहिल्या ऑर्थोप्टिस्ट झाल्या. आज तिथे हा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहे आणि नोंदणी असल्याशिवाय ऑर्थोप्टिस्ट म्हणवून घेता येत नाही.

बहिणीला सांगा, आधी कव्हर टेस्ट हातात बसू दे. एक डोळा झाकायचा आणि उघडा डोळा हलतो का बघायचं, एवढीच ती दिसते. पण रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाची नजर खेळण्यावर खिळवून, केसभर हललेला डोळा टिपणं अनुभवी माणसाजवळ उभं राहिल्याशिवाय येत नाही. मग प्रिझमने कोन मोजणं, थेंब घालून नंबर, दोन्ही डोळे एकत्र वापरले जातात का याच्या चाचण्या. हे येत असेल तर कार्यशाळा जरूर करावी, त्यातून नवीन व्यायाम मिळतात. येत नसेल तर एखाद्या बालनेत्रविभागात काही काळ काम करणं जास्त मोलाचं.

विवेक_वारा

दृष्टिक्षेप, हे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. सरसकट धंदा म्हणणार नाही. पण निदान लेखी न देता कोर्स विकणाऱ्यांबद्दलचा राग कायम आहे.

मैत्रेयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. तेव्हा लगेच कळवता आलं नाही. आम्ही त्या केंद्राला विचारलं की पट्टीऐवजी तुमचे व्यायाम का, कशाच्या आधारावर, आणि प्रगती कशी मोजणार? पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून तिथे गेलो नाही.

चष्मा पूर्ण वेळ चालू ठेवला. चष्म्यात डोळा सरळ राहतो, दृष्टिक्षेप म्हणाल्या तसंच. नुसत्या चष्म्याने ६/३६ वरून ६/२४ झालं आणि मग तिथेच थांबलं, म्हणून आता रोज दोन तास पट्टी. 'ठ' भरणं तिला आवडत नाही, तिला मणी ओवायचे असतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळ आली की मग खोलीचं भान तपासू आणि गरज असली तर व्यायाम जोडीला घेऊ.

दोन प्रश्न उरलेत. बरं झालं की पट्टी एकदम बंद करायची का? आणि धाकटा अडीच वर्षांचा आहे, त्याला अजून अक्षरं येत नाहीत. त्याची तपासणी कधी करावी?

दृष्टिक्षेप

सुंदर प्रगती आहे. पट्टी स्वतःहून बंद करू नका. उपचार थांबवल्यावर सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांची दृष्टी वर्षभरात पुन्हा काही अंशी घसरते. सहा-आठ तासांची पट्टी एकदम थांबवलेल्यांत हे जास्त दिसलं, दोन तासांवर आणून मग थांबवलेल्यांत कमी. तुमची मुळातच दोन तासांची आहे, पण थांबवल्यानंतरही वर्षभर तरी तपासण्या चुकवू नका आणि चष्मा तर राहणारच. मध्ये मध्ये डाव्या डोळ्याची दृष्टीही मोजून घ्या. पट्टीखाली तो क्वचित मागे पडतो, वेळीच कळलं तर भरून निघतं.

धाकट्याची आत्ताच. मोठे प्लस नंबर आणि तिरळेपणा भावंडांत आढळतात. अक्षरं यायची वाट बघू नका. थेंब घातल्यावर डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या झोतावरून नंबर काढता येतो, मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. थेंबांनंतर काही तास त्याला उजेड सहन होणार नाही, तेव्हा टोपी बरोबर न्या, आणि त्याची झोपेची वेळ सोडून अपॉइंटमेंट घ्या.